तीन रकाने

गोरेवाड्याच्या तळ्याकाठी नऊ वाजताच
ऊन मानेवर बसलेलं.
शाल्मलीच्या वहीत तीन रकाने:
रंग, ठिकाण, किती.

"आवाज नको करू बे," भावाला दटावते,
आणि स्वतःच आधी धावते.
रुईवर एक केशरी. लिहिलं.
घाणेरीवर दोन पांढरी, की एकच
दोनदा आलेलं?
भांडण. खोडरबर.

पळस पेटून झालेत,
फुलं आता पायात येतात.
मी संत्रं सोलते, सालीवर कुणी उतरेल
म्हणून थांबते. येते ती माशी.

बुटीबोरीची रात्रपाळी करून थेट आलेले हे,
"हौ, पाहून राहिलो ना" म्हणत
कडुनिंबाखाली आडवे.
घोरणं सुरू.

मग ते आलं. नखाएवढं, राखाडी,
पंख उघडले की आत निळं.
यांच्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याशी
वाळलेल्या घामाचं मीठ
सोंडेनं चाखत बसलं.

आम्ही तिघं वाकलेलो.
धाकट्याच्या हातात अर्धी फोड, गळते आहे.
कितीतरी दिवसांत यांना इतकं जवळून
कुणी पाहिलं नव्हतं.

शाल्मली हळूच लिहिते:
रंग – उघडल्यावर निळा.
ठिकाण – बाबा.
तिसऱ्या रकान्यापाशी थांबते,
पेन्सिल चावत.