खोली नंबर दोन

छत इतकं उंच
की बल्बचा उजेड वर पोचता पोचता थकतो.
नऊला लाइट गेली. पंखा दोन गिरक्या उधार घेऊन थांबला,
आणि झिबल आत्राम कंदील घेऊन आला,
मागोमाग भाकर, वांग्याचं भरीत, फोडलेला कांदा.

भिंतीत एक भोक होतं, चिंधी कोंबलेलं.
"थ्यातून पंख्याची दोरी जाये.
माया पणजा भाईर बसे, आंगठ्याले बांधून.
डोया लागला का सायेब आतून बूट फेके."
तो हसला.
मीही हसलो, जरा उशिरा.

मग रजिस्टर चाळलं. सन वाळवीनं खाल्लेला,
शेरा तेवढा शाबूत : अंडं कच्चं होतं.
पुढे कुणी इंजिनियर : डास.
कुणी तहसीलदार : ठीक.
दोरी ओढणाऱ्यासाठी रकाना आखलेलाच नाही.

मध्यरात्री उकाड्यानं जाग आली.
अंधारात चाचपत चिंधी उपसली.
आधी मोहाचा वास आला,
मग पलीकडून, व्हरांड्यातून,
झिबलचं घोरणं. ऐसपैस.

माझे बूट कॉटखाली होते.
पायानंच ते
आणखी आत सारले.