तिसरा रविवार, वडगाव

मागाच्या शेडवरची माडी.
खाली यंत्रमाग बंद, रविवार म्हणून नव्हे,
सूत आलं नाही म्हणून.
वर सतरंजी, दोन एक्स्टेन्शन बोर्ड
आणि भरतेशच्या हातात पेनड्राइव्हचा जुडगा,
किल्ल्यांसारखा.

मी कॉम्प्युटर पोत्यात घालून आणला
शहापुरातून, सायकलच्या कॅरिअरला बांधून.
"काय झालंय गा काका?"
"दिवा लागतोय, पंखा फिरतोय, चित्र येईना."
काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात एक रेघ,
उघडझाप करणारी,
हाक मारली की डोळे उघडतो
पण बोलत नाही, अशा माणसासारखी.

आत चौतीस लग्नपत्रिका.
वीस मराठीत, अकरा कन्नडात, तीन दोन्हींत,
कारण व्याह्यांना एकमेकांचं अक्षर येत नाही.
(मुलांना येतं. म्हणून तर लग्न.)

ईरण्णा म्हणाला, रॅम.
काढली, खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले,
परत बसवली. रेघ तशीच.
दस्तगीर म्हणाला, केबल. रेघ तशीच.
गंगाधर सांब्रेकर उद्यमबागेत लेथवर असतो.
त्यानं डिस्कला कान लावला, बेअरिंगला लावावा तसा,
आणि बराच वेळ काढलाच नाही.
"हिला काय झालेलं नाही. दमलीय."

मग शिवलीला आली, पॉलिटेक्निकची, हातात डबा.
उभ्या उभ्या तीन बटणं एकदम दाबली
तर काळ्यावर पांढऱ्या ओळी उगवल्या, इंग्रजीत.
ती मोठ्यानं वाचायची,
ईरण्णा कन्नडात फोडून सांगायचा,
भरतेश ते माझ्यासाठी मराठीत आणायचा,
वाटेत सांडेल ते दस्तगीर गोळा करायचा.
खाली चौकातली पाटी कुठल्या लिपीत असावी
यावर माझ्या जन्माआधीपासून भांडण आहे.
वर भांडायला कुणाला सवड नव्हती.

"जागा संपलीय काका. शंभर टक्के. तीळ मावेना."
एकेक फोल्डर मोजत ती खाली खाली उतरली
आणि एका फाइलशी थांबली.
अडतीस जीबी. आत एकच वाक्य.
प्रिंटर सापडत नाही.
प्रिंटर सापडत नाही.
सेकंदाला चाळीसदा,
दिवाळीपासून.

प्रिंटर नेमूचा. एकोणीस वर्षं भागीदारी,
वाटणीत मशीन त्याच्याकडे, गिऱ्हाईक माझ्याकडे.
टेम्पोतून गेलं गडहिंग्लजला, ताडपत्रीखाली.
मी तो कोपरा झाडला, तिथं माठ ठेवला,
घरी जेवताना चटणी तिखट झालीय म्हणालो.
एवढंच.
आणि हे मात्र रात्रंदिवस हाका मारत होतं,
वर प्रत्येक हाक लिहून ठेवत होतं.

ईरण्णा हसला. मग माझ्याकडे बघून थांबला.

फाइल पुसली, चित्र आलं.
चौतीसच्या चौतीस जागेवर,
कुऱ्हाडेंच्या आडनावातला ऱ्हासुद्धा शाबूत,
जो नीट बसवायला भरतेशचे
गेल्या साली दोन रविवार गेले होते.

"प्रिंटरचं नाव काढू काय यादीतनं?"
शिवलीलाचं बोट बटणावर.
माझ्या तोंडून कन्नडच आलं.
"इरली."
असू दे.
तिनं का ते विचारलं नाही. एक ओळ लिहिली,
आठवड्याहून जुनं काही ठेवायचं नाही.
"आता ओरडू दे किती ओरडतंय ते. भरणार नाही."

गिरमिट आलं कागदात, कांदा जास्त.
दस्तगीरच्या लॅपटॉपला तीन रविवार आवाज नाही,
सगळे तिकडं सरकले.
मी पोत्याची घडी घालत होतो.
"काका, जरा बॅटरी धरा हिकडं."
धरली.
आवाज काही आला नाही.