सतरा नंबरची पुडी

खरी पुडी बांधायला काही कठीण नव्हतं.
रेवंदचिनी, ज्येष्ठमध, सुंठ,
आणि दोन मुळ्या, ज्यांची नावं
खोक्यावर चिनी लिपीत होती
आणि कस्टमच्या कागदावर लॅटिनमध्ये.
इतवाऱ्यातल्या सत्तार हकिमांना दाखवल्या.
रेवंदचिनी त्यांनी नखानं खरवडली, हुंगली,
"ये तो हमारे अब्बा के डिब्बे में भी थी, बेटा,
नाम में चीनी, मर्तबान नांदेड का."

खोट्या पुडीला मात्र तीन आठवडे गेले.
गव्हाचा कोंडा काळपट होईस्तोवर भाजला,
जळका गूळ, चिमूटभर हळद.
रंग जमला, वजन जमलं,
वास जमेना.
नाकातल्या नळीतून पोटात जाणाऱ्याला
वास कशाला, मी विचारलं.
डॉ. मुक्कावार म्हणाले, पेशंटसाठी नाही हो,
सिस्टरच्या नाकासाठी.
कोणती खरी हे कळलं
की हात बदलतो.
म्हणून मी खोट्याला कडू केलं,
चार वेळा चाखून, चार वेळा थुंकून.

एक ते एकशे चाळीस, यादी माझ्या कपाटात.
आयसीयूत कुणालाच ठाऊक नाही.
किल्ली माझ्या मंगळसूत्राला.

सतरा नंबर: धुरपतबाई टाले, अर्धापूर.
केळीच्या बागेत विळा पोटरीला लागला,
वर चुना दाबला, कामाला गेली.
सहाव्या दिवशी रिक्षातून आणली तेव्हा
रक्तदाब मशीनला सापडत नव्हता
आणि बोटं निळी, शाईत बुडवल्यासारखी.
तासाभरात अँटिबायोटिक, सलाईनच्या चार बाटल्या,
नाडी धरून ठेवणारं औषध पंपातून, थेंबाच्या हिशेबानं.
शिवाय पुडी, आठ तासांनी एक.

तिच्या पोरानं, पिराजीनं,
चौदा पानांवर सही केली, एकही न वाचता,
आणि रात्री अकराला माझ्या खिडकीशी आला.
"म्याडम, पुड्या तुमीच बांधता म्हनं.
माज्या मायची खरी हाय का, तेवढं सांगा.
कुनाला बोलनार नाई, गोदामायची आन."

मी म्हणाले, बाकीचे सगळे उपचार
सगळ्यांना सारखेच आहेत, काही कमी नाही.
हे खरं होतं.
खरं बोलून गप्प राहायचीही एक रीत असते,
ती मी त्या रात्री शिकले.
सतराच्या पुढं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: कोंडा.

सोळा नंबरला खरी गेली होती.
तेवीस वर्षांचा, देगलूरकडचा, नाव सांगत नाही.
पहाटे चारला त्याच्या खाटेची चादर बदलली,
उरलेल्या पाच पुड्या परत आल्या,
मी मोजल्या, नोंदवल्या.
त्यांचा वास दिवसभर बोटांना.

धुरपतबाई नवव्या दिवशी काठी टेकत उठली.
पिराजीनं केळीची फणी आणली, कच्चीच.
"चिन्याच्या औषदानं माय उठली बगा."
फणी कपाटात ठेवली, यादीशेजारी.
चार दिवसांत पिकली. मी खाल्ली. गोड होती.

संख्याशास्त्राच्या बाईंना फोन केला.
दोघांवरून काही म्हणता येत नाही, त्या म्हणाल्या.
मग कितींवरून येतं?
एकशे चाळीस, त्या म्हणाल्या,
आणि थोडं थांबून: कदाचित तेवढ्यांवरूनही नाही.
मला राग आला.
मग बरंही वाटलं, का ते नाही सांगता येत.

आता अठ्ठावन्नपर्यंत आलोय.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत शेगडी, कढईत कोंडा,
न हलवला तर करपतो,
आणि करपला की खोटं उघडं पडतं.

काल पिराजीचा फोन होता.
मावशीला दोन दिवस ताप हाय, म्हणाला,
बोटं गार पडायलीत.
तेवढी सतरा नंबरची एक पुडी
मिळंल का, म्याडम?
पैसे देतो.

कढई उतरवली.
म्हणाले, पुडी राहू दे रे बाबा,
रिक्षा कर. आत्ता. आत्ताच्या आत्ता.