क्रमांक अकरा

निवडणूक लागली की मी निवेदनाची फाइल काढते.
तारीख बदलते. 'मा.' च्या पुढचं नाव बदलते.
कधी नाव तेच राहतं,
पक्ष तेवढा बदलावा लागतो.

एकवीस वर्षं झाली इथे. अंबड, पाण्याच्या टाकीमागे,
पहिला मजला. खाली प्रेस शॉप.
प्रत्येक ठोक्याला माझ्या कपातला चहा
एक बारीक वर्तुळ काढतो.

जकात होती तेव्हा 'जकात हटवा' टाइप केलं.
ती गेली, एलबीटी आला, 'एलबीटी हटवा' केलं.
तोही गेला, तेव्हा छाजेडशेठनी पेढे वाटले
आणि दुसऱ्या सकाळी म्हणाले,
"बाई, वरची जागा रिकामी झालीय,
तिथं विजेचा दर घ्या. शेजारच्या राज्याचा आकडा ठळक करा."
केला. तेव्हापासून ठळकच आहे.

क्रमांक तीनवर पुण्याची रेल्वे.
माझ्या फाइलीतून ती पुष्कळ धावली.
ओझरचं विमान कधी उडतं, कधी नाही,
म्हणून त्याला कायमचा कंस घालून ठेवलाय.
सिन्नरला एक मोठा उद्योग आणा, ही दराडेंची मागणी;
बोलताना ते बोटांनी हवेत त्रिकोण काढतात,
मुंबई, पुणे, आणि तिसरं टोक आपण.
तिन्ही कोनांची बेरीज एकशेऐंशी, एवढं मला आठवतं.
आपल्या वाट्याला किती अंश
ते त्यांनाही माहीत नसावं.

यंदा बैठकीत निवृत्ती खालकर उठले.
वॉशर करतात. सातपूरला एक गाळा, चार माणसं.
कधी बोलत नाहीत, सामोसाही घरी बांधून नेतात.
म्हणाले, "सरकारचं लिहा, जरूर लिहा.
पण माझे आठ महिन्यांचे पैसे सरकारकडं नाहीत.
ते या टेबलावर आहेत."

खालचं प्रेस तेवढं ऐकू येत होतं.
कुणीतरी एसी कमी केला.
मग छाजेडशेठ, अगदी मायेनं,
"खालकर, हा धोरणाचा विषय नाही हो. हा घरातला आहे."
आणि माझ्याकडं वळून, "इतिवृत्तात नको."

इतिवृत्तात नाही घेतलं मी.
निवेदनात घेतलं.
दहाच्या खाली, त्याच फाँटमध्ये, साध्या अक्षरात:
११. मोठ्या सभासदांनी लहान सभासदांचे पैसे
पंचेचाळीस दिवसांत द्यावेत.

सही करताना कुणी वाचत नाही. हे मला एकवीस वर्षं ठाऊक आहे.

शनिवारी उमेदवार आले, दीड तास उशिरा.
चष्मा लावून त्यांनी सगळंच मोठ्यानं वाचलं,
प्रत्येक मागणीनंतर टेबलावर थाप मारत, "करू!"
वीज, करू. रेल्वे, करू. विमान, कंसासकट, करू.
अकरावी वाचली, थांबले नाहीत.
"हे तर पहिल्या शंभर दिवसांत करू!"

मागच्या रांगेत एकानं टाळी वाजवली.
मग दोघांनी. मग सगळी मागची रांग.
पुढच्या रांगेनं जरा वेळानं,
बोटं बोटांवर टेकवल्यासारखी.
छाजेडशेठही वाजवत होते. बघत होते माझ्याकडं.

सोमवारी काहीच बोलले नाहीत,
फक्त, "बाई, मागण्या दहाच बऱ्या. आकडा लक्षात राहतो."

खालकर जिन्यात भेटले. तीस टक्के आले म्हणाले.
बाकीचं मतदानानंतर, असं कळवलंय.
हसले का ते, अंधारात नीट दिसलं नाही.

मी अकरावी ओळ खोडली.
पण दहाव्यानंतर एंटर दाबलं गेलं होतं,
आणि संगणक आपला आपणच पुढचा आकडा टाकतो:
११.
पुढं काही नाही.
तो तसाच राहू दिला. प्रिंटमध्येही आलाय.

आज चारला दुसरे उमेदवार.
बुके सांगितलाय, मागच्याच दुकानातून, तेवढ्याचाच.
फुलांचा रंग तेवढा
बदलायला सांगितला.