सहा नंबर

इतवारीत फखरुद्दीनभाईंच्या काचेखाली
गळ मांडलेले, आकड्यांच्या डब्यांत.
मोठे द्या, म्हटलं, दहा नंबर.
ते हसले. नंबर वाढला का गळ लहान होते, बाई.
माणसावानी.

बाबांची चिठ्ठी दाखवली मग:
सहा नंबर, पाच नग.
तंगूस बारीक, पांढरा. पोपटी नको.
शिसं हलकं.

वेणा धरणावर, सकाळी,
त्यांनी तंगूस ओठांत ओला केला, दुमडला,
गळाच्या डोळ्यातून ओवायला गेले
आणि चुकले. पुन्हा चुकले.
अंधार हाये अजून, म्हणाले.
ऊन आमच्या गुडघ्यांपर्यंत आलेलं.

मी ओवला. गाठ आवळली.
थांब, उरलेलं टोक डोळ्यातून परत घाल, वरून खाली,
तवाच गळ आडवा राह्यते.
नाही तं लोंबते,
झुरळाच्या मिशीवानी.

टोकाला शिसं, त्याच्या वीतभर वर गळ.
शिसं गाळात बसतं,
गांडूळ बसत नाही, अधांतरी वळवळतं.

पलीकडे दुधपचाऱ्यांची पोरं
मोराचं पीस पाण्यावर उभं करून
त्याच्याकडे टक लावून बसलेली.
बाबांना पीस दिसत नाही, दिवाळीपासून.
या जोडणीला बघावं लागत नाही.
तंगूस तर्जनीवर घ्यायचा, ताणून,
आणि हळू ओढत राहायचं.

माझं बोट धरून त्यांनी तंगुसावर ठेवलं.
हा गोटा, म्हणाले.
हा गाळ.
हा परत गोटा.
मग काही बोलले नाहीत.