दहा म्हणालो होतो

यामिनीच्या मळ्यात भरीत पार्टी आहे म्हणाली,
बामणोदच्या अलीकडे.
अकरापर्यंत येते.
मी म्हणालो, दहा.
तिची आई म्हणाली, स्वेटर घे.

रात्र मला नवी नाही.
वीस वर्षं रात्री दोनला
मोटार चालू करायला केळीत शिरतोय,
साप कुठे बसतो, कुठल्या बांधावरून डुक्कर येतं,
पायांना ठाऊक आहे.
पण तिच्या स्कूटीचा लाल दिवा
पुलापर्यंत दिसला
आणि पुढची रात्र माझ्या ओळखीची नव्हती.

कपाशीच्या काड्या पेटल्या असतील एव्हाना.
वांगी भाजून, सोलून
बडगीत ठेचतही असतील.
ठेचणारा कोण, हे मी विचारलं नव्हतं.

साडेदहा.
चपला घातल्या, बॅटरी घेतली,
फाट्यावर जाऊन उभा राहिलो.

अकराला पाच कमी असताना आली.
केसांना धुराचा वास,
बोटांना कांद्याच्या पातीचा.
"इथे काय करताय, पप्पा?"
"मोटार चालू करायला निघालो होतो."

हसली नाही.
"या आठवड्यात लाईट दिवसाची आहे," म्हणाली,
आणि सीटवर जरा पुढे सरकली.