पुडी क्रमांक ११७

गवत मेल्यावर माझं काम सुरू होतं.
डिसेंबर सरत आलेला, सड्यावरचं हिरवं कधीच उतरलेलं,
कुसळी वाऱ्यावर खरखरते
आणि बुडाशी, जिथे दहिवर दुपारपर्यंत टिकतं,
काड्यांवर काळे ठिपके धरतात.
मोहरीच्या दाण्याचे दहा भाग करा, त्यातला एक.

पाटणच्या वर, पवनचक्क्यांच्या घरघरीखाली
गुडघे टेकून मी काड्या मोडते,
खाकी पुडीत घालते, पुडीवर लिहिते:
तारीख, उंची, गवत पवन्या (मारवेलही असेल, तुरा गळालाय).
ठकूबाई झोरे विळा थांबवून बघते.
"चांगलं ठेवून कुजकं नेताय व्हय, बाई?
म्हस बी तोंड लावत न्हाई त्याला."

कराडला, कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर,
काचेच्या बशीत ओला टिपकागद, त्यावर काडी, वर झाकण.
शिपाई विष्णू बशीला ओली बाळंतीण म्हणतो,
दार हळू लावतो.

नवव्या दिवशी ठिपका उघडला.
वाटी. कडेने राठ काळे केस,
मध्ये चिकाचा थेंब.
सुईच्या टोकावर घेतला, निळ्या रंगात बुडवला
आणि भिंगाखाली
विळे.
शेकडो विळे, पारदर्शक,
दोन्ही टोकांना एकेक केस
आणि पोटात एक आडवा पडदा.

तीस बीजाणू मोजायचे असतात. मी साठ मोजले.
लांबी बारा ते पंधरा मायक्रॉन, रुंदी जेमतेम दोन.
मग तक्ता:
वाटीला केस असतील तर पाचवर जा.
बीजाणूला टोकाशी केस असतील तर आठवर जा.
आठवर लिहिलंय, पडदा नसतो.
माझ्याकडे पडदा आहे.
तक्ता तिथेच संपतो, खाली संदर्भसूची.

मी नाचले नाही. एकदा नाचले होते,
पेढेसुद्धा वाटले,
आणि ती निघाली शंभर वर्षांपूर्वी
कुठल्याशा परदेशी भातकाडावर कुणी नोंदून ठेवलेली.
यावेळी पुण्याला नमुना पाठवला, चार महिने गप्प बसले.
उत्तर आलं: भावंडं आहेत, जुळं नाही.

आमच्यात पूर्वी एकाच बुरशीला दोन नावं चालत,
एकटी वाढतानाचं एक, जोडीनं फळतानाचं दुसरं,
दोन कपाटांत दोन पुड्या,
आणि कुणाला पत्ताच नसे की बाई एकच आहे.
आता नियम झालाय, एकीला एकच नाव.

पुढच्या गवताला वर गेले तेव्हा ठकूबाईला म्हटलं,
तुमच्या माळावरची आहे, तुमचंच नाव देते.
ती हसून खालीच बसली.
"कुजक्याला माझं नाव? सासूचं द्या की."
मग पेंढीचा आळा आवळता आवळता,
माझ्याकडे न बघता:
"ठकू हितलं हाय. घरात जाऊ हौसा हुती,
दोन हौसा कशाला, म्हनून मला ठकू केलं.
मी बी हौसाच. आई असंस्तवर कुनीतरी हाक मारायचं."

लॅटिनमध्ये बाईच्या नावाला शेपूट लागतं.
हौसाए. म्हणजे हौसाची.
विष्णूला वाचून दाखवलं, तो म्हणाला, बरं वाटतंय.

परीक्षकाचं पत्र काल आलं.
मोजमापं मान्य, चित्रं मान्य, पडद्याचा अजून एक फोटो हवा.
नावापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह:
ही व्यक्ती कोण? एका ओळीत द्यावे.

लिहिलं, गवत कापणारी. खोडलं.
लिहिलं, या सड्यावरची रहिवासी. खोडलं.
बशीतला टिपकागद सुकत चाललाय,
त्यावर चार थेंब पाणी सोडते,
परत बसते.